भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

त्या लाँड्रीत आता चादरींच्या घड्या यंत्र घालतं. एका तोंडानं चादर आत शिरते आणि दुसऱ्या तोंडानं विटेसारखी चौकोनी होऊन बाहेर पडते. कांजीकाकू एकदा मुद्दाम ते यंत्र बघून आल्या. घरी येऊन काकांना म्हणाल्या, "काम स्वच्छ आहे हो त्याचं. पण मी होते तेवढ्या वेळात एकदासुद्धा कुणाशी भांडलं नाही. असल्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू अजून थोडं थांबली असतीस तर भांडलं असतं."

काकूंच्या काळी यंत्राच्या जागी एक लांबलचक टेबल होतं आणि टेबलाभोवती बायका होत्या. त्या खोलीला सगळे घडीखाना म्हणत. लाँड्रीत कपडे यायचे ते मुख्यतः दोन ठिकाणचे, एका मोठ्या हॉस्पिटलचे आणि एका मोठ्या हॉटेलचे. तळमजल्यावर धुलाई, शेजारी पिळणी आणि सुकवणी, मग तो आडवा, तापलेला रोलर. रोलरखालून चादर कडक होऊन निघाली की घडीखान्यात यायची. खोली अशी उबदार, की थंडीच्या दिवसांत अख्खी लाँड्री काही ना काही निमित्त काढून तिथे डोकावायची. साबण, वाफ आणि तापलेलं सुती कापड यांचा मिळून एक वास तिथे कायमचा राहायला आलेला होता. काकूंच्या केसांत तो इतका मुरला होता की काम सोडल्यावरही कितीतरी दिवस जाईना. शेवटी गेला, तेव्हा काकूंना उगाचच वाईट वाटलं. नवरा सासुरवाडीहून न सांगता निघून गेल्यासारखं.

कपडे कडक व्हावेत म्हणून लावतात ती कांजी. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते कळलं नाही, पण समोर 'काकू' आणि पाठीमागे 'कांजीकाकू' अशी वाटणी झालेली होती. काकूंना ते ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, "चालेल. साबण तरी नाही म्हणाल्या. वाहून गेले असते."

काकू तिथे लागल्या तेव्हा त्यांचं लग्न नवं होतं आणि घडीखान्यावर आत्याबाईंचं राज्य होतं. आत्याबाई कुणाच्या आत्या होत्या हे कुणालाच माहीत नव्हतं, पण सगळ्यांना त्या आत्याइतक्याच बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी काकूंच्या हातात चादरीची दोन टोकं दिली, दुसरी दोन स्वतः धरली, आणि म्हणाल्या, "खेच. आणखी खेच. घरी जेवतेस ना?" मग चादर मधोमध दुमडून दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक भिडलं, आणि आत्याबाई काकूंच्या अगदी नाकासमोर येऊन म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. चुरगळलेली चादर या दारातून बाहेर जात नाही. बाकी सगळं शिकशील." काकूंनी ते असं लक्षात ठेवलं की पुढे आत्याबाई थकल्या, घरी बसल्या, आणि घडीखाना काकूंच्या हाती आला, तरी ते वाक्य तसंच दारावर उभं राहिलं, पहारेकऱ्यासारखं.

माणसं सांभाळायचं शिक्षण काकूंनी कुठे घेतलं नव्हतं. तीन मुलं, दोन दीर आणि एक सासू एवढ्या भांडवलावर त्या उभ्या होत्या. त्यांची तऱ्हा न्यारी होती. कुणी चांगलं काम केलं तर तोंडावर कधी शाबासकी नाही. तोंडावर बोलणीच. स्तुती करायची ती पलीकडच्या खोलीत जाऊन, बॉयलरवाल्या मामांपाशी, आणि तीही भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात.

"मामा, आज त्या उंच पोरीनं काय हात चालवलाय हो!"

"मग तिला सांगा की," मामा ओरडायचे. बॉयलरपाशी राहून मामांना हळू बोलता येईनासं झालं होतं.

"तिला कशाला सांगू? डोक्यावर बसेल."

भिंतीपलीकडे ती उंच पोर कान लाल करून आणखी भराभर घड्या घालत असायची.

दुसरी तऱ्हा दिवसाच्या मांडणीची. सकाळी हात ताजे असतात, तेव्हा हॉस्पिटलच्या चादरी. जेवणानंतर डोळे जड होतात, तेव्हा हॉटेलचे नॅपकिन; कारण नॅपकिनची घडी गप्पा मारत मारतच चांगली होते. त्या वेळी बोलायची नुसती परवानगी नव्हती, सक्ती होती. कुणी गप्प बसली तर काकू विचारायच्या, "का गं, तुझी नणंद मेली का? बोल की तिच्याबद्दल."

आणि तिसरी तऱ्हा सगळ्यांत नामी. ज्या दोघींचं भांडण झालं असेल त्यांना काकू डबलबेडच्या चादरीवर जोडीनं लावायच्या. डबलबेडची चादर एकटीला आवरत नाही. आधी चार हात लांब उभं राहून खेचाखेची करायची, म्हणजे राग निघतो. मग एकमेकींकडे चालत जायचं, टोकं हातात द्यायची, मागे जायचं, पुन्हा यायचं. दुपारपर्यंत बोलणं सुरू झालं नाही असं क्वचितच घडलं. फक्त एका जोडीनं काकूंच्या या औषधाला दाद दिली नाही. एक शिडी आणि दुसरी रेडिओ.

शिडी म्हणजे तीच उंच पोर. पोर कसली, तिला लग्नाजोगी मुलगी होती. पण घडीखान्यात वय आलेल्या दिवसापाशी थांबायचं. ती इतकी कमी बोलायची की तिचा आवाज कसा आहे यावर पैजा लागत. रेडिओ उलट. सकाळी आत आल्यापासून चालू, आणि बंद करायचं बटण देवानं दिलेलंच नाही. या दोघींचं नेमकं कशावरून बिनसलं होतं? रेडिओ म्हणायची, "तिनं मला कधी काही विचारलंच नाही." शिडी काहीच म्हणायची नाही, आणि हेच तर रेडिओचं म्हणणं होतं.

अशात काकूंचे गुडघे बोलायला लागले. उभ्यानं काम होईना. डॉक्टरांनी घरी बसा म्हणून सांगितलं. त्याच सुमारास मालकांनी लाँड्री सुनेच्या हाती दिली. या सूनबाई व्यवस्थापन शिकून आलेल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत, आणि मॅडम वयानं काकूंच्या लेकीएवढ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. त्यात चौकटी होत्या आणि चौकटींना जोडणाऱ्या रेघा. कोण कुणाच्या हाताखाली, कुणी कुणाला विचारायचं, सगळं त्यात होतं. घडीखान्याची चौकट मात्र बघण्यासारखी झाली होती. मधोमध काकू आणि चहूबाजूंनी त्यांच्याकडे येणाऱ्या रेघाच रेघा.

मामा चष्मा पुसत म्हणाले, "काकू, हे तुमचं चित्र आहे की कोळ्याचं जाळं?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या घडीखान्यात एक अख्खा दिवस स्टूल टाकून बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "काकू, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावणार. पण सांगा."

"आज दिवसभर प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारली गेली. हा डाग जाईल का, ही उशी कुणाची, खिडकी उघडू का. खिडकीसुद्धा, काकू! तुम्ही सगळ्यांना हात बनवलंत. डोकं एकच ठेवलंत, तुमचं. तुम्ही घरी गेलात की या खोलीचं काय होणार?"

काकूंना राग आला तो दोन कारणांनी. एक तर ते खरं होतं. आणि दुसरं, ज्या प्रश्नानं त्यांची झोप उडाली होती तोच या कालच्या मुलीनं सहज विचारला होता. आपण गेल्यावर घडीखाना चालेल ना? या प्रश्नाच्या खाली आणखी एक गोष्ट दडलेली होती, ती काकूंनी काकांनासुद्धा सांगितली नव्हती. मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटत होतं, चालू नये. निदान थोडे दिवस अडावं. कुणीतरी घरी धावत यावं, 'काकू, चला, तुमच्याशिवाय होत नाही' म्हणावं. मग आपण गुडघा चोळत, कुरकुरत निघावं.

"तुमच्यानंतर कोण?" मॅडमनी विचारलं.

"शिडी," काकू म्हणाल्या. "हात सोन्याचा आहे."

"आणि तोंड? ती कुणाला काही सांगेल?"

काकू पदराच्या टोकाची घडी घालत राहिल्या.

"मग असं करू," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही खोलीत बसायचं, पण बोलायचं नाही. काय होतं ते बघू."

"बोलायचं नाही म्हणजे?"

"म्हणजे तोंडाला कुलूप."

ही बातमी घरी कळली तेव्हा काकांनी पेपर खाली ठेवला. लग्नानंतर असे प्रसंग फार थोडे आले होते. "तू? गप्प? मी बघायला येऊ का?"

काकूंनी शब्द दिला, आणि शब्द दिला म्हणजे दिला. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर बसल्या, हाताची घडी घालून. बायका येत, विचारत, उत्तर मिळेना तेव्हा परत जात. काकूंच्या पोटात शब्दांचा नुसता ढीग साठत होता. घरी गेल्या की तो ढीग त्या काकांच्या अंगावर रिकामा करत. रोजच्या बोलण्यावर हे दिवसभराचं शिल्लक बोलणं. काका म्हणाले, "त्या मॅडमना सांग, त्यांची लाँड्री सुधारेल, पण माझे कान जातील."

पण घडीखाना बिलंदर होता. काकू बोलत नाहीत म्हटल्यावर बायकांनी काकूंचा चेहरा वाचायला सुरुवात केली. भुवई वर गेली म्हणजे नको. ओठ मुडपले म्हणजे पुन्हा घडी कर. नाक खाजवलं तर त्यावर दोघींचे दोन अर्थ निघाले आणि वाद झाला. मॅडमना वाटत होतं कुलूप लागलंय, आणि इकडे सगळा कारभार खिडकीतून चालू होता.

मग तो टेबलक्लॉथचा प्रकार घडला. हॉटेलात कसलीतरी मोठी मेजवानी होती, त्यासाठीचे झालर लावलेले, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ धुऊन आले होते. एका बाईनं तो गठ्ठा उचलला आणि काकूंसमोर धरून विचारलं, "काकू, हे हॉस्पिटलच्या गाडीत ना?" काकूंचं जेवण नुकतंच झालं होतं, खोली उबदार होती, बोलायचं काम नव्हतं. काकूंना डुलकी लागली होती. त्यांची मान हळूच खाली आली.

"हो म्हणाल्या," बाईनं जाहीर केलं. गठ्ठा हॉस्पिटलला गेला.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टरबाईंचा फोन आला. त्या शिस्तीच्या बाई. म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात सगळे पेशंट झालरीवर झोपलेत. मेजवानी कधी आहे तेवढं कळवा." शिकाऊ नर्सनी गठ्ठा सोडून सरळ अंथरून टाकला होता. म्हाताऱ्या पेशंटांना तो थाट इतका आवडला की ते परत देईनात. एक आजोबा म्हणाले म्हणे, "आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी झालर अंथरलीय, राहू दे."

लाँड्रीत हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली, मामांनी तर बॉयलरवर हात आपटून घेतला. काकू मात्र हसल्या नाहीत. रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. आपल्या डुलकीलाही इथे हुकूम समजतात, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. मॅडमच्या तक्त्यातलं ते जाळं त्यांना पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

सकाळी त्या आल्या आणि कुणाला काही न सांगता खुर्ची उचलून फिरवली. पाठ टेबलाकडे, तोंड भिंतीकडे. समोर रंग उडालेली भिंत, भिंतीपलीकडे बॉयलर. मॅडम दारात उभ्या होत्या.

"काकू, हे मी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही तोंड बंद करायला सांगितलं होतंत," काकू म्हणाल्या, "पण ते दिसत होतं ना."

भिंतीकडे बघत बसणं सोपं नाही. शाळेत अशी शिक्षा व्हायची, आणि शिक्षेला निदान सुट्टीची घंटा असायची. पण पाठमोरं बसल्यावर काकूंना खोली ऐकू यायला लागली. रेडिओच्या बडबडीकडे त्यांनी इतकी वर्षं गोंगाट म्हणून बघितलं होतं. आता डोळ्यांना काम नव्हतं तेव्हा कळलं, की ती बाई बोलता बोलता अख्खी खोली हलवत असते. "अगं तुझ्या सुनेचं काय झालं, आणि ती उशीची खोळ इकडे फेक, हां, तर काय म्हणाली ती, अगं रोलरवर गर्दी झालीय, दोघी जा तिकडे, मग पुढं?" कहाणी आणि काम एकाच दोऱ्यात. ती बोलायची थांबली की हात मंदावायचे. आणि शिडीचं पाऊल जिथे जाई तिथली कुजबुज आपोआप थांबायची, कापड सरळ केल्याचा आवाज यायचा. काकू त्या भिंतीला मनात म्हणाल्या, "इतकी वर्षं समोर बसून मी काय बघत होते?"

आणि मग एका दुपारी रोलर बंद पडला.

आधी एक कचकच झाली, मग एक लांब सुस्कारा, आणि मग ती शांतता, जी घडीखान्यात कधीच नसे. मामा धावत आले, वाकून बघितलं, ओरडून म्हणाले, "गेला! उद्याशिवाय नाही!" तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलात दुपारपासून एकामागून एक पेशंट दाखल होत होते, कपाट रिकामं झालं होतं, चादरी लगेच हव्या होत्या. सुकवणीतून नुकत्याच काढलेल्या चादरींचा ढीग टेबलावर पडला होता. स्वच्छ, कोरड्या, आणि कुस्करलेल्या कागदासारख्या चुरगळलेल्या.

खोलीतलं बोलणं थांबलं. रेडिओसुद्धा. आणि काकूंना पाठीवर ते सगळे डोळे जाणवले. सगळ्या थांबल्या होत्या. काकूंनी वळावं म्हणून थांबल्या होत्या.

उत्तर काकूंच्या जिभेवर तयार होतं. आत्याबाईंनी नाकासमोर येऊन दिलेलं. चुरगळलेली चादर या दारातून बाहेर जात नाही. हॉस्पिटलला फोन करायचा, माफी मागायची, उद्या सकाळी द्यायच्या. एकदा वळलं, दोन वाक्यं बोललं, की झालं. आणि मग सगळ्यांनाच कळलं असतं की काकूंशिवाय होत नाही. जे हवं होतं ते हात लांब केल्यावर मिळणार होतं. काकूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. भिंतीवरच्या रंगाचा एक पोपडा त्यांना दिसत होता, त्याच्यावर नजर रोवली. गुडघा उठायला बघत होता, त्यालाही दाबून धरलं.

मग एक आवाज आला, जो काकूंनी चटकन ओळखला नाही.

"द्यायच्या," शिडी म्हणाली.

"काय द्यायच्या?" रेडिओनं विचारलं.

"चादरी. अशाच. हातानं खेचून, घडी घालून, वर वजन ठेवून. आजारी माणसाला सुरकुती टोचत नाही. उघडी गादी टोचते."

काकूंचा श्वास वर गेला तो वरच राहिला. त्यांच्या दारातून, त्यांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे पाठीदेखत, चुरगळलेल्या चादरी!

"आणि हॉटेल?" कुणीतरी विचारलं.

"उद्या. त्यांच्या पाहुण्यांना आहे त्या चादरींवर एक दिवस आणखी झोप लागेल."

आणि मग रेडिओ सुरू झाली, पण काय सुरू झाली! "ऐकलं ना सगळ्यांनी? जोड्या करा! अगं तू तिकडे काय उभी, धर टोक! खेच, नवऱ्याचे केस समजून खेच! मामा, तुमची ती लोखंडं आणा वजनाला. आणि गाडीवाल्याला सांगा, चहा पीत बसलास तर तुझीच घडी घालीन!" खोलीभर एकदम फटाफट कापड झटकल्याचे आवाज उठले, जशी कबुतरं उडावीत. काकू भिंतीकडे बघत बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते रागाचं की कशाचं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मामा लोखंडं घेऊन जाताना थबकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "काकू, वाफ लागली का डोळ्याला?"

"वाफच," काकू म्हणाल्या. "जा तुम्ही."

संध्याकाळी मोठ्या सिस्टरबाईंचा फोन आला, तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली. बाई एवढंच म्हणाल्या, "चादरी वेळेवर आल्या. बरं झालं." सुरकुत्यांचं नावसुद्धा नाही. काकूंनी ते ऐकलं. आपण वळलो असतो तर आज कितीतरी माणसं उघड्या गादीवर पडली असती, आणि आपण मात्र ताठ मानेनं घरी गेलो असतो, हे त्यांना लख्ख कळलं. आत्याबाईंच्या वेळी लाँड्रीत फक्त हॉटेलचे कपडे यायचे. त्या वाक्याचं वय झालं होतं आणि ते कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

मॅडम खुशीत आल्या. "काकू, तुमचं बरोबर होतं. शिडीच. मी उद्याच तक्त्यात नाव घालते."

"अर्धं बरोबर होतं," काकू म्हणाल्या. "शिडीनं ठरवलं, पण तिच्या ठरवण्यानं एक तरी हात हलला का? हलवले रेडिओनं. नुसती रेडिओ असती तर सगळ्या भराभर चुकीचं काम करत सुटल्या असत्या. दोघींना ठेवा."

"एका खोलीला दोन प्रमुख? काकू, असं कुठे नसतं. एका चौकटीत दोन नावं बसत नाहीत."

"मग चौकट मोठी करा. भिंत काय कमी पडतेय?"

मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण हसू फुटलं. मग म्हणाल्या, "आणि त्यांचं पटलं नाही तर? दोघी बोलतसुद्धा नाहीत एकमेकींशी."

"आज बोलल्या की. कामापुरतं बोलल्या. त्याहून जास्त तर मी आणि आमचे हेसुद्धा बोलत नाही." हे मात्र धादांत खोटं होतं, काकांचे कान साक्षीला होते. "मॅडम, एक गोष्ट तुमचीही बरोबर होती हं. डोकं मी एकच ठेवलं. इतकी वर्षं मला वाटायचं मी खोली सांभाळतेय. मी माझी जागा सांभाळत होते."

मॅडमनी खाली वाकून काकूंचा हात हातात घेतला. काकू पटकन म्हणाल्या, "पुरे. आणि स्तुती करायची असेल तर तोंडावर नका करू. त्या बॉयलरपाशी जा आणि जरा मोठ्यानं बोला."

काकूंचा शेवटचा दिवस अगदी साधा गेला. रोलर दुरुस्त झालेला होता. खुर्ची कुणीतरी पुन्हा टेबलाकडे फिरवून ठेवली होती, आणि आता कुणी काकूंच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतं. खिडकी हवी तेव्हा उघडली गेली, हवी तेव्हा लावली गेली. डाग असलेला कपडा धुलाईकडे परत गेला, न विचारता. काकू टेबलाभोवती एक फेरी मारून आल्या. मग दुसरी. दात पडल्यावर जीभ जशी सारखी त्या जागी जाते तसं त्यांचं झालं होतं. मामा म्हणाले, "काय काकू, चुकल्यासारखं वाटतंय?" काकू म्हणाल्या, "छे! पाय मोकळे करतेय." आणि मनातून त्यांना कळत होतं की हवं होतं ते हेच, आणि नको होतं तेही हेच.

निघायच्या वेळी पिशवी खांद्याला लावली, तेव्हा शिडी समोर आली. हातात एक जुनी चादर. ती उजेडात धरली तर मधला भाग जाळीसारखा विरळ झालेला. ठिगळ लावून वापरायची की फाडून फडकी करायची, हा घडीखान्यातला रोजचा प्रश्न. शिडीला उत्तर येत होतं. ती विचारायला आलीच नव्हती; तिला बहुधा दुसरं काही बोलायचं होतं आणि चादरीशिवाय बोलायची सवय नव्हती.

"काकू, ही?"

काकूंनी चादर हातात घेतली, खिडकीकडे धरली, बोटांनी चाचपली. त्यांच्या मते ती मागच्याच थंडीत फडक्यात जायला हवी होती. तोंडापर्यंत आलं. रेडिओ मधेच बोलायची थांबली होती आणि बाकीच्यांचे हात संथ झाले होते.

"तुला काय वाटतं?" काकूंनी विचारलं.

हा प्रश्न त्या खोलीत काकूंनी कधी कुणाला विचारला नव्हता. शिडी गोंधळली. मग चादरीकडे बघत म्हणाली, "कडा चांगल्या आहेत. मधून कापून, कडा मध्ये घेऊन, विरळ भाग कडेला टाकून शिवली तर लहान मुलांच्या वॉर्डात चालेल."

काकूंनी आणखी एकदा चादर उजेडात धरली. त्यांचं मत काही बदललं नाही. त्यांनी ती व्यवस्थित चौपदरी केली, वरून हात फिरवला आणि शिडीच्या हातात दिली.

"मग शिव," काकू म्हणाल्या, आणि दारातून बाहेर पडल्या.